तिसरा ठोका

१

माझा धंदा पाणी उतरवण्याचा आहे. डोंगरातली मोठी हॉटेलं, शाळा, बंगले थंडीत बंद होतात, तेव्हा त्यांच्या पाइपांत पाणी ठेवून चालत नाही. ते गोठतं, फुगतं आणि पाइप फोडतं. ही गोष्ट मालकाला कळते ती बर्फ वितळल्यावर, छत गळायला लागलं की. म्हणून हंगाम संपला की मला बोलावणं येतं. मी जातो, सगळं पाणी काढून टाकतो, दाराला कुलूप लावतो आणि घरी येतो. बर्फ गेलं की पुन्हा जातो आणि पाणी भरतो. यात शौर्य काही नाही.

या सगळ्यांत मोठं काम राष्ट्रीय उद्यानातल्या जुन्या लॉजचं. अख्खे ओंडके रचून उभारलेली इमारत. मधला दिवाणखाना असा, की त्यात आमचं घर गच्चीसकट मावावं. माणूस उभा राहील एवढी दगडी शेकोटी आणि तिच्या बाजूने वर वर जाणारा रुंद लाकडी जिना. प्रत्येक मजल्याला कठडा. खाली उभं राहून मान वर केली की थेट वरच्या मजल्याचा कठडा दिसतो, आणि वर कुणी उभं असेल तर तेही.

बायकोला मी या लॉजचं वर्णन इतक्यांदा ऐकवलं होतं की ती वैतागली होती. "लॉज म्हटलं की मला स्टँडसमोरचं आठवतं, उशीवर तेलाचे डाग असलेलं," ती म्हणायची. "तुम्ही मात्र राजवाडा असल्यासारखं सांगता. आणि नेत तर कधी नाही." तिथे पाहुणे म्हणून राहणं आमच्या ऐपतीत नव्हतं. पण शेवटचे पाहुणे गेले, नोकरचाकर गेले, की पाणी उतरवायच्या आदल्या दिवशी मॅनेजर किल्ल्या माझ्या हातात देऊन निघून जायचा. मग कुठल्याही खोलीत राहा, विचारणारं कुणी नसायचं. मी आणि माझा मेहुणा मात्र दर वर्षी स्वयंपाकघरामागच्या नोकरांच्या खोलीतच पथारी टाकायचो. मेहुण्यासोबत बाल्कनीत बसून करायचं काय?

यंदा मेहुण्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दुसरं माणूस मिळेना.

"मी येते की," बायको म्हणाली. "नळच सोडायचे ना? जन्मभर तुमचे चालू राहिलेले नळ बंद केले. आता उघडते."

हे साफ खोटं होतं. घरातला प्रत्येक नळ तीच अर्धवट सोडायची आणि मी उठून बंद करायचो. आमच्या संसारातली निम्मी भांडणं त्या टपटपीवरून झाली असतील. मला ती "नळराव" म्हणायची, आणि चारचौघांतही म्हणायची.

२

या कामाला दोन माणसं लागतात. एक तळघरात, मुख्य व्हॉल्व्हपाशी. दुसरं वर, नळांपाशी. मधे जाडजूड भिंती, फोन लागत नाही, हाक ऐकू जात नाही. म्हणून आम्ही पाइपावर ठोकतो. पाइप सगळ्या घरात फिरलेला असतो आणि आवाज चोख पोचवतो.

एक ठोका म्हणजे पोचलो. दोन म्हणजे नळ उघडले. तीन म्हणजे काम झालं, खाली येऊ का? ज्याला ऐकू येईल त्याने तितकेच ठोके देऊन उत्तर द्यायचं. तिनाला तीनचं उत्तर आलं म्हणजे "ये"; ते येईपर्यंत वरच्याने जागचं हलायचं नाही. ऐकलेला ठोका बिनउत्तराचा ठेवायचा नाही. उत्तर नाही आलं तर समोरचा समजतो की काही बरंवाईट झालं, आणि पुन्हा पुन्हा ठोकत राहतो. इतक्या वर्षांत हे माझ्या हाडात मुरलं आहे. कुठेही पाइप वाजला की माझा हात आपोआप पान्याकडे जातो.

दुसरा एकच नियम. वर गेलेलं माणूस खाली आल्याशिवाय दार लावायचं नाही.

मेहुण्याने खुर्चीत पाय लांब करून बसल्या बसल्या तिला हे सगळं शिकवलं. स्वयंपाकघरातल्या पाइपावर ती चमच्याने ठोकत होती आणि तो आतल्या खोलीतून उत्तर देत होता. एक आणि दोन ठीक जमले. पण तीन ठोकायची तिची एक लकब होती. टक-टक, मग जराशी थांबून, विसरलेलं आठवल्यासारखं, टक. न्हाणीघराच्या दारावरही ती तशीच ठोकायची.

"ताई, तिसरा ठोका काय शेजारणीकडून उसना आणतेस?" मेहुणा ओरडला.

"आला ना? मग झालं तर," ती म्हणाली.

३

आम्ही पोचलो तेव्हा मॅनेजर गाडीत बसायच्या तयारीतच होता. त्याने किल्ल्या दिल्या, बायकोला नमस्कार केला आणि वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली घ्या म्हणाला. तिथून सगळी दरी दिसते. "उद्या दुपारच्या आत निघा," त्याने बजावलं. "बर्फ येतंय. उद्यानाचा नाका एकदा बंद झाला की वाट मोकळी होईपर्यंत इथे कुणी फिरकत नाही."

दिवाणखान्यातल्या खुर्च्यांवर पांढऱ्या चादरी टाकलेल्या होत्या. बायको मधोमध उभी राहिली आणि तिने मान वर करून सगळे मजले न्याहाळले. नंतर म्हणाली, "खोटं नव्हता बोलत हो तुम्ही." तेव्हा मला जे वाटलं ते सरळ सांगतो. मला फार बरं वाटलं.

कोपऱ्यातल्या खोलीत चार पायांचा लोखंडी टब होता. बॉयलर मी अजून बंद केला नव्हता. ती म्हणाली की जगबुडी झाली तरी मी यात तासभर डुंबणार. मी बाहेर पडलो आणि इमारतीला वळसा घालून ज्या नळीतून उद्या पाणी बाहेर सोडायचं ती मोकळी आहे का ते पाहिलं. कुरणात हरणं चरत होती. ऊन होतं, पण त्यात काही दम नव्हता.

परत आलो तेव्हा ती केस पुसत बाल्कनीत बसली होती.

"बरोबर होतं ना माझं उत्तर?" तिने विचारलं.

"कसलं उत्तर?"

"असं काय करता? तुम्ही तीन ठोकलेत ना मघाशी. मीही टबातूनच तीन ठोकले, साबणाच्या डबीने."

मी म्हणालो की मी इमारतीच्या मागे होतो, मी काही ठोकलं नाही. तिला वाटलं मी चेष्टा करतोय. मग तिने तोंड वाकडं केलं. "मग कोणी ठोकलं, नळराव?"

"पाइप वाजतात. गरम पाणी गेलं की ताणतात, गार झाले की आकसतात. त्याचा आवाज होतो."

"मोजून तीन?"

"कधी तीन, कधी तेरा. त्यांना कुठे मोजता येतंय?"

ती हसली. मीही हसलो. या धंद्यात मी असे आवाज हजारदा ऐकले आहेत आणि जे बोललो ते खरंच होतं. फक्त माझ्या मनात एवढं येऊन गेलं की तीन ठोके म्हणजे "येऊ का" आणि हिने "ये" म्हणून टाकलं आहे. आलं आणि गेलं. संध्याकाळी आम्ही शेकोटीपाशी बसून डब्यातलं खाल्लं आणि नंतर गाढ झोपलो.

४

सकाळी खालचे मजले दोघांनी मिळून मोकळे केले. वरचा शेवटी ठेवला, कारण सामान तिथेच होतं. वरचे नळ उघडले की पाइपात हवा शिरते आणि उरलंसुरलं पाणी धडधडत तळघरात येतं. ते नळीवाटे बाहेर पडलं की काम संपलं.

मी तिला माझे पिवळे रबरी हातमोजे दिले. पाणी बर्फासारखं होतं. मोजे तिला केवढे तरी मोठे झाले. तिच्या बोटांच्या पुढे मोज्यांची टोकं रिकामी लोंबत होती. ती टोकं हलवून तिने मला वाकुल्या दाखवल्या आणि जिना चढू लागली. पहिल्या वळणावर थांबून म्हणाली, "मी येईपर्यंत हलू नका हं. नाहीतर गावभर सांगाल, बायको तेवढी विसरलो."

मी तळघरात उतरलो. बॉयलर पहाटेच विझवला होता. एक ठोका आला. मी एक दिला. मग नुसती शांतता. वर ती खोल्याखोल्यांतून फिरत असणार. मग दोन ठोके आले, मी दोन दिले आणि पाणी आलं. ते कोसळताना तळघरात दुसरं काही ऐकू येत नाही. मी गुडघ्यांवर बसून नळीचं तोंड धरून होतो. धार बारीक होत होत थांबली.

तेवढ्यात तीन ठोके आले. सारख्या अंतराचे, चोख. मी पाना उचलला आणि तीन ठोके दिले.

ठोके दिल्यावर माझ्या लक्षात आलं की तिसरा रेंगाळला नव्हता. मला गंमत वाटली. भावाची शिकवणी अखेर लागू पडली म्हणायची. मी नळीचं तोंड पुसलं, हत्यारं गोळा केली आणि वर दिवाणखान्यात आलो. ती जिना उतरून आली होती. एका हातात आमची बॅग, दुसरा मोकळा.

"मोजे?"

"वर राहिले," ती म्हणाली.

मी बॅग घेताना तिच्या हाताला हात लागला. इतका वेळ थंड पाण्यात असलेला हात उबदार होता. मला एवढंच वाटलं की बरं झालं, हिला गारठा बाधला नाही.

५

बाहेर बर्फ भुरभुरायला लागलं होतं. ती पुढे होऊन पायरीवर उभी राहिली. मी दाराचं एक कवाड ओढलं, दुसऱ्याला हात घातला आणि आतून आवाज आला.

टक-टक. मग जरा थांबून, टक.

शेकोटीमागून जाणाऱ्या पाइपातून तो आला. माझा हात आपोआप पान्याकडे गेला, पण पाना पिशवीत होता आणि पिशवी गाडीत. मी बायकोकडे पाहिलं. तिनेही ऐकलं होतं.

"पाइप गार होताना वाजतात," ती म्हणाली. "तुम्हीच सांगितलंत ना?"

सांगितलं होतं खरं. पाइप रिकामे झाले होते, उघड्या नळांतून गार हवा आत शिरत होती. आकसणारच. मी पुन्हा आत पाऊल टाकलं आणि मान वर करून पाहिलं. सगळे कठडे रिकामे होते. वरच्या मजल्यावर आमच्या खोलीचं दार पुढे केलेलं दिसत होतं. सारखं मनात येत होतं की हाक मारावी. पण बायको शेजारी उभी असताना बायकोला हाक कशी मारायची? आणि मारली आणि वरून ओ आली, तर पुढे काय करायचं?

पुन्हा आवाज आला. टक-टक. टक. आता जरा जोरात.

"निघायचं ना?" ती म्हणाली. "नाका बंद होईल."

वर गेलेलं माणूस खाली आल्याशिवाय दार लावायचं नाही. माणूस खाली आलं होतं, माझ्या शेजारी उभं होतं, खांद्यावरचं बर्फ झटकत होतं. नियम पाळला गेला होता. मी दार ओढलं आणि कुलूप लावलं.

नाक्यावरच्या पहारेकऱ्याने काच खाली करायला सांगितली आणि आत डोकावून पाहिलं. "दोघं गेलात, दोघं आलात," तो म्हणाला. "चला, माझं काम संपलं." आम्ही गेल्यावर त्याने अडसर टाकला तो मी आरशात पाहिला.

६

थंडीभर काहीही झालं नाही. हेच सांगायला अवघड आहे.

ती घरातलं सगळं करत होती. भाजीत मीठ तेवढंच, बोलण्यात आवाज तोच, हनुवटीवरचा व्रण जागच्या जागी. लग्नातल्या गोष्टी विचारल्या तर बरोबर सांगायची. हो, मी विचारल्या. गप्पांच्या ओघात, ओळखू न देता. पण नळराव म्हणणं बंद झालं. मी काही म्हटलं की ती मान डोलवायची. मी मुद्दाम वाकडं बोललो तरी मान डोलवायची. आणि घरातला एकही नळ टपटपत नव्हता. मी उठून पाहायचो, सगळे घट्ट बंद. जन्मभर ज्यासाठी भांडलो ते आयतं मिळालं होतं. मला बरं वाटायला हवं होतं.

न्हाणीघराच्या दारावर ती ठोकायची. टक, टक, टक. सारख्या अंतराने. मी आत ओला उभा राहायचो आणि उत्तर द्यायचो नाही. ती पुन्हा ठोकायची नाही, पण तिथून जायचीही नाही. दाराखालच्या फटीत तिच्या पावलांची सावली तशीच असायची.

मेहुणा काठी टेकत एकदा येऊन गेला. तिने त्याला वाढलं, त्याच्या गुडघ्याची चौकशी केली. त्याने तिची खोड काढली, ती हसली नाही. बाहेर पडताना त्याने मला खालच्या आवाजात विचारलं, "भाऊजी, ताईला बरं नाही का?"

"का?"

"काही नाही. फार नीट वागतेय."

मी मॅनेजरला फोन केला. म्हटलं, वरचा एखादा नळ बंद राहिला असेल, जाऊन पाहून यावंसं वाटतंय. तो म्हणाला, वाट पुरुषभर बर्फाखाली आहे, पाखरूसुद्धा जाणार नाही. "आणि पाइप फुटला तर फुटला. जीव तर कुणाचा अडकलेला नाही ना?" मी फोन ठेवला. त्याला काय सांगणार होतो? माझी बायको घरी आहे, तेवढी लॉजमधून काढून आणा?

वर जी राहिली असेल तिच्याकडे उबदार शाल नव्हती. ती मी बॅगेत भरली होती आणि बॅग खाली आली होती. वर फक्त मोजे होते. रोज जेवायला बसलो की मला तेच आठवायचं आणि घास उतरायचा नाही. समोर बसलेली ती विचारायची, "आणखी वाढू?"

७

वाट मोकळी झाल्याचा निरोप आला. मेहुणा येतो म्हणाला होता, मी त्याला न कळवताच निघालो. बायको दारापर्यंत आली.

"एकटेच जाताय?"

"हो."

"मग ठोकाठोकी करू नका," ती म्हणाली. "वर कुणी नसताना कशाला ठोकायचं?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिने मान डोलवली.

लॉजच्या पायऱ्यांवर अजून बर्फाचे ढीग होते. कुलूप जसं लावलं होतं तसंच होतं. मी दाराची दोन्ही कवाडं पूर्ण उघडली आणि खाली दगड लावले. आत ओल्या लाकडाचा वास होता. चादरी जिथल्या तिथे होत्या. जिन्यावर धुळीचा थर होता आणि त्यावर पावलं उमटलेली नव्हती. हे मी वाकून नीट पाहिलं. ना चढणारी, ना उतरणारी. मला हायसं वाटलं आणि लगेच स्वतःची इतकी लाज वाटली की मी तिथेच पायरीवर बसलो.

काही वेळाने तळघरात गेलो. पाइपावर हात ठेवला, तो थंडगार होता. काम सुरू करायचं तर आधी व्हॉल्व्ह पाहायचे असतात. मी ते पाहिले नाहीत. पाना हातात घेऊन नुसता उभा राहिलो. ठोकलं आणि काहीच आलं नाही, तर घरी जाऊन मला उरलेलं आयुष्य त्या नीट वागणाऱ्या बाईसोबत काढायचं होतं. आणि काही आलं, तर गेल्या थंडीपासून तिथे न खाता, न पिता जे आहे, त्याला मी काय म्हणणार होतो?

मी एक ठोका दिला. पोचलो.

आवाज पाइपातून वर वर गेला आणि विरला. बाहेर वळचणीचं बर्फ वितळून टपटपत होतं. घरात कितीतरी दिवसांत तो आवाज ऐकला नव्हता. मी पाना खाली ठेवणार, तोच उत्तर आलं. फार हळू, पण धातूवर धातू वाजल्यासारखं स्पष्ट.

टक-टक. मग बराच वेळ काही नाही. इतका वेळ की मला वाटलं, माझेच कान वाजले असतील.

टक.

काम झालं, खाली येऊ का?

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ती इतके दिवस हेच विचारत होती आणि मी उत्तर दिलं नव्हतं. मी पाना दोन्ही हातांनी धरला आणि तीन ठोके दिले. मग वर आलो आणि जिन्याच्या पायथ्याशी उभा राहिलो.

वरचं दार करकरलं. मग पावलं. दोन पायऱ्या लागोपाठ, मग जरा थांबून तिसरी. घाई नव्हती. ओल्या कापडाने पुसल्यासारखा काहीतरी घासत येण्याचा आवाजही सोबत होता. तो कशाचा हे ओळखायचा मी प्रयत्न केला नाही. माझ्या पाठीमागे उघडं दार होतं, दारात ऊन होतं आणि उन्हात गाडी उभी होती. मी मान वर केली.

शेवटच्या वळणाच्या कठड्यावर एक पिवळा हातमोजा आला आणि टेकला. मोजा हातात घातलेला होता. त्याची टोकं बोटांच्या पुढे रिकामी लोंबत होती.

ती टोकं थोडी हलली.

मी येईपर्यंत हलू नका, असं ती म्हणाली होती. सगळं अंग दाराकडे ओढत होतं.

मी हललो नाही.